सावलीत बोंड धरत नाही

"तुम्हीच वाचा," अर्जुनराव म्हणाला आणि त्याने मोबाइल अन्नपूर्णाबाईच्या तोंडासमोर धरला.

डाव्या हाताच्या दोन बोटांत तिने झाडावरची कळी धरलेली होती. उजव्या अंगठ्याचं नख पाकळ्यांत शिरलेलं होतं. तिने ती कळी आधी पूर्ण सोलली, मधल्या उघड्या काडीवर लाल कागदाची टोपी घातली, हात लुगड्याला पुसले आणि मग मोबाइल घेतला. वर्तमानपत्राच्या पानाचा फोटो होता. वर तिच्या पुतण्याचा, इंद्रभानचा चेहरा, शेजारी त्याच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, खाली एक कविता.

"चष्मा घरी हाय भाऊ."

"मग मी वाचतो."

"राहू द्या. कोणती हाय ते माहीत हाय मले."

अर्जुनरावने तरी वाचली. बाजारभाव वाचावेत तशा आवाजात.

"द्वारका नावाची माझी माय, अर्जुनरावच्या प्लॉटात, बांधाकडच्या ओळीत बसली ती उठली नाही. सकाळी औषध मारलं होतं. दुपारी पानं ओली होती. संध्याकाळी ताप म्हणाले. तिच्या ओट्यात दिवसभराच्या पाकळ्या होत्या, त्यांना कोणी विचारलं नाही."

पलीकडच्या ओळींतल्या बायांचे हात चालू होते. बोलणं थांबलं होतं.

"माझं नाव घातल्याशिवाय काही अडलं होतं का?" अर्जुनराव म्हणाला. "बुद्धाचं घाला, झाडाचं घाला, ढगाचं घाला. माझं काऊन?"

"द्वारका तुमच्याच प्लॉटात बसली होती भाऊ."

"बसली होती, हाव. मी कुठं नाही म्हणतो. पण औषधानं बसली हे कोणं ठरवलं? डॉक्टरनं ताप सांगतला होता."

अन्नपूर्णाबाईने पुढची कळी धरली.

अर्जुनराव बांधावर बसला. रागावलेला दिसत नव्हता. उन्हाने थकलेला दिसत होता. "हे कात्रण कोणीतरी कंपनीत पाठवलं. उद्या साहेब येईन. तुमचं बोलणं मोबाइलमधी घेईन. तुम्ही मुकादम, तुम्हीच तिची जाऊ. ताप होता एवढं सांगायचं. त्यायचं समाधान झालं की झालं."

"अन् नाही सांगतलं त?"

"त या गावातले प्लॉट बंद. अर्ध्या सीझनात. मीबी घरी, तुम्हीबी घरी."

तो धमकी देत नव्हता. जे होणार होतं ते सांगत होता, आणि ते तिला त्याच्याइतकंच ठाऊक होतं.

साखरखेर्ड्याच्या आसपासच्या गावांत कंपन्यांसाठी कपाशीचं बियाणं तयार होतं. तशा शेताला इथे प्लॉट म्हणतात. उद्या उमलणारी कळी आज दुपारी हेरायची, अंगठ्याच्या नखाने पाकळ्या आणि त्यांच्या आतले पुंकेसर सोलून काढायचे, लाल कागद घालायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद काढून नर झाडाचं फूल त्या काडीवर घासायचं आणि देठाला दोरा बांधायचा. नजरेतून सुटलेली कळी सकाळी उमलून पिवळी दिसते. ती तोडून फेकायची. दोन महिने रोज हेच. या दिवसांत बाया उजव्या अंगठ्याचं नख कापत नाहीत. अन्नपूर्णाबाईच्या टोळीत अठरा बाया होत्या, आणि गावात कोणाचं नख वाढलेलं दिसलं की ती तिच्या टोळीतली हे लोकांना कळायचं.

बीटी कापूस आला तेव्हा फवारणी संपली असं सांगितलं होतं. काही वर्षं ते खरंही होतं. मग गुलाबी अळी आली, बोंडाच्या आत जाऊन बसू लागली, आणि पंप पुन्हा पाठीवर चढले. आधी एक औषध असायचं, आता दोन-दोन एकत्र करू लागले. दोन वर्षांपूर्वी द्वारका बसली त्या दिवशीही सकाळी पंप चालले होते. हवा कोंदट होती. दुपारी बाया आत शिरल्या तेव्हा पानांना हात लावला की बोटं चिकट होत. उन्हं कलल्यावर द्वारका मध्येच खाली बसली. अन्नपूर्णाबाईला वाटलं, पाणी प्यायला बसली असेल. जवळ गेली तर तोंडातून लाळ सुटली होती आणि डोळ्यांतली बाहुली मोहरीएवढी झाली होती. टोळीची ने-आण करणाऱ्या नजीरच्या गाडीतून साखरखेर्ड्याला नेलं. तिथे डॉक्टरने सलाइन लावलं, ताप डोक्यात गेला म्हणाला, मेहकरला न्या म्हणाला. मेहकर यायच्या आत ती गेली. तिचं डोकं अन्नपूर्णाबाईच्या मांडीवर होतं.

द्वारकाचा एकुलता एक मुलगा इंद्रभान. बी.ए. झालेला, चौतिशीतला, बायको माहेरी निघून गेलेली. त्याच टोळीबरोबर पहाटे नर फुलं तोडून टोपल्यांतून बायांना पुरवायचा. त्या दिवशी मात्र तो कसल्याशा नोकरीच्या चौकशीला बुलढाण्याला गेला होता. शेवटच्या एस.टी.ने परतला तेव्हा आईला ओसरीवर ठेवलेलं होतं. त्याने मोठ्या चुलतीला, अन्नपूर्णाबाईला विचारलं, काय झालं. तिने सगळं सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं.

कविता तो आधीही करायचा. झाडांच्या, पाखरांच्या, टोळीच्या, पावसाळ्यातल्या वर्षावासात विहारात बुद्धाच्या जीवनावरचा ग्रंथ वाचला जायचा, त्यातल्या गोष्टींवरच्या. त्या कवितांचं पुस्तक करायचं टोळीतल्या बायांनी ठरवलं. विहाराच्या फरशीसाठी, घंटेसाठी जशी एकेका दिवसाची मजुरी काढली होती तशीच या पुस्तकासाठी काढली. अट एकच घातली. इंद्रभान कवितांतून 'एक बाई', 'एक माय' असं लिहीत असे. ते बायांना पटलं नाही.

"विहाराच्या भिंतीवर नाव टाकते," टोळीतली सिंधू त्याला म्हणाली होती, "अन् पुस्तकात काऊन नाही बे? आमची काय लाज वाटते का?"

मग त्याने नावं टाकली. सिंधूचं, मंदाचं, लीलाचं, गाडीवाल्या नजीरचं, आपल्या आईचं. आणि सगळ्यांची नावं खरी टाकल्यावर प्लॉटवाल्याचं खोटं टाकणं त्याला बरोबर वाटलं नाही. त्या वेळी हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. विहारातच प्रकाशन झालं. साखरखेर्ड्याच्या शाळेतले अनंत सर बोलले. बाया आपापलं पान शोधून त्यावर बोट ठेवून बसल्या होत्या.

पुस्तकाचं नाव 'सावलीत बोंड धरत नाही'. त्या नावाची कविता इंद्रभानने त्या दिवशी उभं राहून म्हटली होती:

बुद्धा, तू झाडाखाली बसलास.
आम्हालाही बसायचं आहे,
फार नाही, भाकरी खाईस्तोवर.
बांधावरचा निंब गेल्या साली तोडला.
सावलीत बोंड धरत नाही म्हणाले.
तू आता आलास तर
कुठे बसशील?

टाळ्या झाल्या होत्या. निंब अर्जुनरावनेच तोडला होता आणि तोडलेल्या फांद्या बायांनीच जळणाला नेल्या होत्या.

*

संध्याकाळी नजीरच्या गाडीत बाया दाटीने बसल्या. गाडी निघाली. सिंधूच आधी बोलली.

"म्हणून टाक माय. ताप होता म्हण. अंग गरम नव्हतं का तिचं?"

"उन्हात उभ्या राह्यलेल्या बाईचं अंग गरमच राह्यते," मंदा म्हणाली.

"तू गप वं. तुह्यावर कविता फुलाची हाय. माह्यावर शिव्यांची हाय. मी बोलतो त मले बोलू दे."

पुढून नजीर म्हणाला, "मले विचारलं त मी सांगीन, मी समोर पाहून गाडी चालवत होतो. मागं काय झालं, अल्लाले मालूम."

"तूबी हाय ना पुस्तकात."

"हाय ना. 'नजीरच्या गाडीला हॉर्न नाही.' पूर्ण पुस्तकात माह्यावर एवढंच लिवलं. घरवालीनं, अमीरबीनं वाचलं अन् म्हणली, आता त बसवा हो हॉर्न, छापून आलं."

बाया हसल्या. अन्नपूर्णाबाईही हसली. हसणं ओसरल्यावर सिंधू तिच्याकडे सरकली आणि हळू बोलली. "मी मजाक नाही करत माय. तुह्यासंगं अठरा घरं हाय. या दोन महिन्यांवर चालते ते. इंद्रभानच्या कवितेवर एकबी नाही चालत."

"मले माहीत नाही का?"

"माहीत हाय म्हणूनच सांगतो. द्वारका माहीबी होती. माह्या पोरीच्या बाळंतपणात रात्र रात्र बसली ती. पण गेली ना ती. आता आपण हाय."

गावात गाडी थांबली. बाया उतरून आपापल्या घराकडे गेल्या. अन्नपूर्णाबाई घरी न जाता सरळ विहारात गेली.

इंद्रभान झाडून सतरंजी अंथरत होता. वर्षावासाचे तीन महिने संध्याकाळच्या वंदनेनंतर तो ग्रंथ वाचायचा; आधी पंचशील अन्नपूर्णाबाई सांगायची आणि बाकीचे तिच्या मागे म्हणायचे. त्याचं वाचन गावाला आवडायचं. थांबून थांबून वाचायचा, समजलं नाही असं वाटलं तर मागे जायचा. पुढच्या पौर्णिमेला ग्रंथ पूर्ण व्हायचा होता.

"ऐकलं तू?" तिने विचारलं.

"ऐकलं. अनंत सरांचाबी फोन होता. त्यायनंच कविता पेपरात छापून आणली होती ना. म्हणते, ठाम राहा."

"त्यायले काय जाते ठाम राहायले. पगार एक तारखेले येते."

इंद्रभान हसला नाही. सतरंजीची घडी पायाने सरळ करत राहिला.

"तू सांग, काय म्हणू मी?"

"मी काय सांगू मोठीमाय? मी तिथं नव्हतो. बुलढाण्याले होतो. पानं ओली होती, तू म्हणली. बाहुली मोहरीएवढी झाली होती, तू म्हणली. मी पुन्हा पुन्हा विचारलं तुले. तू सांगतलं तेवढंच लिवलं. एक शब्द जास्तीचा नाही."

"नाहीच हाय."

"तू पाह्यलं म्हणून ते खरं हाय. माह्यापाशी दुसरं काहीच नाही."

बाहेर नळावर कोणीतरी कळशी ठेवली. अन्नपूर्णाबाई भिंतीला टेकून बसली. त्याच भिंतीवर देणाऱ्यांची नावं रंगवलेली होती. फरशी, पंखा, घंटा, सतरंजी. पंख्यापुढे तिचं आणि द्वारकाचं नाव एका ओळीत होतं. दोघींनी मिळून दिला होता.

"मी एकटी असती त सोडलं असतं काम," ती म्हणाली. "बाकीच्यायचं काय करू?"

"मी काही म्हणत नाही."

"तेच त अवघड करून राह्यला तू. काहीतरी म्हण. भांड माह्याशी."

"तिचा धड फोटोबी नाही मोठीमाय," इंद्रभान म्हणाला. "मतदानाच्या कार्डावरचा हाय, त्यात ती तिच्यासारखी दिसत नाही. ते एक पान हाय. बाकी तू ठरव."

मग बाया येऊ लागल्या. मेणबत्त्या लागल्या, उदबत्ती लागली. अन्नपूर्णाबाईने हात जोडून सुरुवात केली. एकेक शील ती म्हणत गेली आणि तिच्यामागे सगळ्या जणी. हत्या करणार नाही. न दिलेलं घेणार नाही. व्यभिचार करणार नाही. चौथं आलं. मुसावादा वेरमणी. खोटं बोलणार नाही. बाया मोठ्याने म्हणाल्या, रोजच्यासारख्या. तीही म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा किंचित वर गेला, एवढंच.

*

साहेब सकाळीच आला. तिशीतला, नम्र, बुटांना चिखल लागू नये म्हणून बांधावरून चालणारा. त्याने बायांना हातमोजे आणि तोंडाला लावायचे मास्क वाटले. हातमोजे घातल्यावर नख झाकलं गेलं आणि एकही कळी सोलता येईना.

"व्हिडिओपुरते असू द्या मावशी," तो म्हणाला. "नंतर काढा."

अन्नपूर्णाबाईला कपाशीच्या ओळीपुढे उभं केलं. मागे बाया, हातमोजे घातलेल्या, कळ्यांना हात लावून उभ्या. अर्जुनराव चित्रात येणार नाही असा बाजूला. साहेबाने मोबाइल आडवा धरला.

"द्वारकाबाई तुमच्या कोण होत्या?"

"जाऊ."

"त्यांना काय झालं होतं?"

"ताप होता."

"फवारणीनंतर तुम्ही शेतात कधी येता?"

"दुसऱ्या दिवशी."

"मग त्या पुस्तकात असं का लिहिलंय?"

हे विचारतील असं अर्जुनराव बोलला नव्हता. अन्नपूर्णाबाईने त्याच्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. मागे बाया होत्या.

"पोरगं कविता करते," ती म्हणाली. "कवितेत काहीबी राह्यते."

साहेबाने मान डोलावली. "छान बोललात मावशी." मग मोबाइल कानाला लावून ऐकलं. शेजारच्या विहिरीवरची मोटार चालू होती. तिच्या आवाजात शब्द बुडाले होते. मोटार बंद करायला माणूस पाठवला आणि पुन्हा पहिल्यापासून घेतलं. जाऊ. ताप. दुसऱ्या दिवशी. या वेळी शेवटच्या उत्तराला ती चाचरली.

"आणखी एकदा घेऊ. ते कवितेचं वाक्य तसंच म्हणा, पहिल्यांदा म्हणालात तसं. ते फार नैसर्गिक होतं."

तिने तिसऱ्यांदा म्हटलं. विहारात बुद्धाला, धम्माला, संघाला शरण जाताना प्रत्येक वाक्य तीनदा म्हणायचं असतं. दुतियंपि, ततियंपि. दुसऱ्यांदाही, तिसऱ्यांदाही. लहानपणी तिने बापाला विचारलं होतं, एकदा म्हटलं तर चालत नाही का. एकदा चुकून म्हणता येते, बाप म्हणाला होता, तीनदा कोणी चुकून म्हणत नाही.

मोबाइल खिशात गेला. बायांनी हातमोजे काढून बांधावर ढीग केला. अर्जुनरावने चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर सगळ्या ओळींत शिरल्या आणि आदल्या दिवशी सोललेल्या कळ्यांवरचे लाल कागद काढू लागल्या. नर फुलांची टोपली ओळीच्या तोंडाशी ठेवलेली होती. इंद्रभान टोपल्या ठेवून केव्हाच गेला होता. त्याने व्हिडिओ घेताना पाहिलं की नाही, हे तिला कळलं नाही. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गावातल्या बहुतेक मोबाइलवर आला. त्या संध्याकाळी तिने कपाळाला पट्टी बांधून दार लोटून घेतलं आणि विहारात गेली नाही.

दुसऱ्या दिवशी ओळीच्या तोंडाशी टोपल्या नव्हत्या.

बायांनी कागद काढून ठेवले आणि हातावर हात घेऊन बसल्या. ऊन वर येऊ लागलं. अर्जुनरावने दुसरा माणूस नर झाडांकडे पिटाळला. त्याला कोणती फुलं घ्यायची ते नीट ठाऊक नव्हतं, निम्मी शिळी आणली. त्या दिवशीचं काम असंच गेलं. दुपारी भाकरी खायला बांधावर बसल्या तेव्हा नजीर गाडीतून उतरून अन्नपूर्णाबाईजवळ आला आणि उकिडवा बसला. तिथे निंबाचा बुंधा होता. वरून कापलेला, कडेने फुटवे आलेले.

"सकाळी पहिल्या फेरीले मीच नेलं त्याले," तो म्हणाला. "साखरखेर्ड्याच्या स्टँडवर सोडलं."

"कुठं चालला म्हणे?"

"पुण्याकडे. चाकणले कोणी ओळखीचं हाय म्हणे, कंपनीत."

"व्हिडिओचं काही बोलला?"

"नाही. मीच बडबड करत होतो. तो पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. पुस्तकं नाही नेली त्यानं, तुह्या ओसरीत हाय म्हणला."

"माह्याबद्दल काही म्हणला?"

नजीरने डोक्याला बांधलेला रुमाल सोडला, पुन्हा बांधला. "म्हणला, मोठीमायले सांग, ग्रंथात लाल कागद ठेवला हाय. तिथून पुढे वाचायचं. पौर्णिमेपर्यंत पूर्ण झालं पाह्यजे. लोकांचा खंड पडू नये."

"अजून?"

"अजून मले म्हणला, हॉर्न बसव."

तिने भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. फडक्यात परत बांधला.

संध्याकाळी निघताना अर्जुनरावने तिला थांबवलं. साहेबाचा फोन आला होता, व्हिडिओ वरच्यांना आवडला होता, या सीझनची काळजी नाही. मग तो जरा घुटमळला.

"आणखी एक. पुढल्या सालपासून कंपनी इकडले प्लॉट बंद करते म्हणते. दुसरीकडे नेणार हाय, तिकडं मजूर स्वस्त हाय. तुमच्या बोलण्याशी त्याचा काही संबंध नाही बाई. ते आधीच ठरलं होतं."

"कधी?"

"उन्हाळ्यात."

"तुम्हाले माहीत होतं?"

"कानावर होतं."

"मग माह्या तोंडून ते काऊन घेतलं भाऊ?"

अर्जुनरावचा चेहरा खरोखर ओशाळलेला होता. "या साली तरी चाललं ना," तो म्हणाला. "तुमचंबी अन् माझंबी."

गाडीत तिने हे कोणाला सांगितलं नाही. सिंधूने खिडकीकडची जागा तिला दिली. वाटेत दोन्ही बाजूंना कपाशी होती, पिवळी फुलं दुपारनंतर लाल पडत चालली होती. गाडीला हॉर्न नव्हता.

विहारात त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त बाया आल्या. इंद्रभान गेल्याचं सगळ्यांना कळलं होतं. सतरंजी कोणी अंथरली नव्हती. मंदाने अंथरली, उलट्या बाजूने, मग सरळ केली. ग्रंथाचा चौरंग जागेवर होता. पानांमधून लाल कागदाचं टोक बाहेर आलं होतं, कळीवर घालतात तोच कागद.

अन्नपूर्णाबाई पुढे बसली. चष्मा लावला. मेणबत्ती लावली. तीनदा शरण जाऊन झालं. पहिलं शील म्हणाली, बाया मागे म्हणाल्या. दुसरं म्हणाली. तिसरं म्हणाली. मग ती थांबली. मागे दोघीतिघींच्या तोंडून सवयीने चौथ्याची पहिली दोन अक्षरं निघाली आणि तिथेच राहिली. पंखा फिरत होता. अन्नपूर्णाबाईने श्वास घेतला आणि पाचवं म्हणाली. नंतर एकेक करत सगळ्यांनी पाचवं म्हटलं.

सिंधू पुढे वाकली. "माय, एक राह्यलं."

"माहीत हाय," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

तिने ग्रंथ उघडला. लाल कागद काढून मांडीवर ठेवला. अक्षर बारीक होतं आणि उजेड कमी होता. अंगठ्याचं वाढलेलं नख पहिल्या शब्दाखाली टेकवून, एकेक अक्षर पुढे सरकत, ती वाचू लागली.